रिंगमधला एकच अणू बदलायचा असेल तर?

वणी तालुक्यातल्या राजूरला कोळसा म्हटलं की खाण, ट्रक आणि धूळ आठवते. पण त्याच कोळशाच्या आत कार्बन अणूंच्या षटकोनी रिंगा एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. यांनाच अ‍ॅरोमॅटिक रिंग म्हणतात. 1834 मध्ये रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कोळशाच्या डांबरातून क्विनोलीन वेगळं काढलं: दोन जोडलेल्या रिंगा, नऊ कार्बन, एक नायट्रोजन. (आपल्या भागातला कोळसा कोक-डांबराच्या जातीचा नाही, तो जाळायलाच जातो. असो.) कोरोनात घराघरात पोचलेल्या क्लोरोक्विनचा सांगाडा हाच.

आता यातला एक ठराविक कार्बन काढून तिथे नायट्रोजन बसवला, तर क्विनॅझोलीन होतं. फुफ्फुसाच्या कॅन्सरवरचं जेफिटिनिब या सांगाड्यावर उभं आहे. एका अणूने रेणू पाण्यात किती विरघळतो, प्रोटीनला कसा चिकटतो, सगळंच बदलू शकतं. म्हणून औषध शोधणाऱ्यांना असे बदल करून बघायचे असतात. अडचण एवढीच की त्यासाठी बहुतेक वेळा अख्खा रेणू पहिल्यापासून बनवावा लागतो. एक व्हेरिएबल बदलायला पूर्ण अ‍ॅप पुन्हा लिहा, असला प्रकार. मग कितीतरी रेणू 'नको, फार वेळ जाईल' म्हणून बनवलेच जात नाहीत.

2023 मध्ये शिकागो विद्यापीठातल्या मार्क लेविन यांच्या गटाने 'नेचर'मध्ये थेट पॅच मारायची पद्धत दिली. आधी क्विनोलीनच्या नायट्रोजनला ऑक्सिजन जोडलेला असतो. त्यावर प्रकाश टाकला की रिंग मोठी होऊन सात अणूंची होते. ओझोनने ती तोडायची, नको असलेला कार्बन बाहेर पडतो, आणि अमोनियातून आलेला नायट्रोजन त्या जागी बसून रिंग पुन्हा बंद होते. याला स्केलेटल एडिटिंग म्हणतात.

रील्सवर हे 'कुठलाही अणू बदला' म्हणून फिरतं. तसं अजिबात नाही. ही पद्धत ठराविक रिंगमधल्या एकाच जागी चालते, आणि रेणूत ओझोनला न सोसणारा दुसरा भाग असेल तर तोही तुटू शकतो. मूळ कल्पनाही नवी नाही. 1881 मध्येच चामिचान आणि डेनस्टेट यांनी पाच अणूंच्या पायरोल रिंगमध्ये कार्बन घुसवून ती सहाची केली होती. नवं आहे ते हे की जवळपास तयार झालेल्या रेणूवर, शेवटच्या टप्प्यात, असा बदल करता येऊ लागलाय.