शेवटची पायरी आधी

फ्रिज उघडून औषधाची पिशवी आणून देणारा मदतनीस कुत्रा व्हिडिओत पाहिला की चमत्कार वाटतो. प्रत्यक्षात ती सुट्या कृतींची साखळी असते: दाराला बांधलेली दोरी ओढणे, पिशवी तोंडात धरणे, घेऊन येणे, हातात देणे. अनेक प्रशिक्षक ती उलटीकडून शिकवतात. आधी ‘हातात देणे’ पक्के, कारण खाऊ तिथेच मिळतो. मग त्यामागे एकेक कृती जोडायची.

पण केंद्रातल्या फ्रिजवर जमले म्हणजे घरी जमेलच असे नाही. वेगळे दार, कुकरची शिट्टी, जमिनीवर पडलेला मालक, या प्रत्येकाचा स्वतंत्र सराव लागतो, तोही मालकासह. ‘तयार’ कुत्रा घेणाऱ्यांनी म्हणूनच व्हिडिओवर भागवू नये. आपल्याच स्वयंपाकघरात, आपण आडवे पडून, ते काम करवून पाहावे.