मालवाहतुकीचा न मोजलेला खर्च

जानेवारी २०२४ च्या आरंभी देशातील मालमोटारचालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि दोन दिवसांच्या आत पेट्रोल पंपांपुढे रांगा लागल्या. निमित्त होते भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मधील दुसऱ्या उपकलमाचे. अपघातात मनुष्य दगावल्यावर पोलिसांना अथवा दंडाधिकाऱ्यांना न कळविता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद त्यात होती. संप मिटला. १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली तेव्हा ही तरतूद तेवढी बाजूस ठेवण्यात आली. शिक्षेची चर्चा पुष्कळ झाली; परंतु अपघातापूर्वी तो चालक किती तास जागा होता, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला.

कामाच्या तासांवर बंधन घालणारा कायदाच नव्हता, असे नव्हे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. लांब पल्ल्याच्या वाहतुकीस मंजुरी घेऊन ती अनुक्रमे १० व ५४ तासांपर्यंत वाढविता येई. तथापि हा कायदा सर्वसाधारणपणे पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांनाच लागू होता आणि आपल्याकडील मालमोटारींचा धंदा तर मुख्यतः एक-दोन गाड्यांच्या छोट्या मालकांचा. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आणि पाचाची अट दहावर गेली. म्हणजे जेथे चालकांची संख्या मोठी, तेथपर्यंत कायद्याचा हात पूर्वी पोहोचत नव्हता. आता तो आणखी आखूड झाला आहे.

यात केवळ छोट्या मालकाला दोष देणे न्यायाचे होणार नाही. त्याला माल मिळतो तो दलालामार्फत, आणि एकाच मालासाठी दहा गाड्या उभ्या असल्यामुळे भाड्याचा दर ठरविणे त्याच्या हाती नसते. डिझेल, टायर, टोल, विमा व कर्जाचा हप्ता यांत कपात करता येत नाही. कपात करता येईल अशी एकच बाब उरते आणि ती म्हणजे चालकाची झोप. चालकाचा मोबदला बहुधा फेरीवर ठरतो. भिवंडीच्या गोदामापुढे किंवा न्हावाशेवा बंदराबाहेर रांगेत गेलेले तास कोणाच्याच हिशेबात धरले जात नाहीत. दिवस असा वाया गेला की रात्री जागून अंतर तोडणे भाग पडते. मधल्या वेळेत डिझेल आणि माल चोरीस जाऊ नये म्हणून गाडीतच निजावे लागते. स्नान-शौचाची सोय ढाब्याच्या मर्जीवर, आणि घरची भेट कित्येक आठवड्यांनी.

सुधारणा काहीच झाली नाही, असे म्हणता येणार नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींत चालकाची केबिन वातानुकूलित असणे सक्तीचे झाले. ही सोय स्वागतार्हच आहे. पण थंड केबिन म्हणजे विश्रांती नव्हे. वस्तू व सेवा कर आल्यावर २०१७ मध्ये राज्यांच्या सीमांवरील करतपासणी नाके हटले व वाटेतला खोळंबा कमी झाला. मात्र वाचलेल्या वेळेचा काही वाटा चालकाच्या विश्रांतीकडे वळावा, अशी व्यवस्था कोणी केली नाही.

कामाचे तास मर्यादित केले तर भाडे वाढेल व महागाई भडकेल, असा आक्षेप घेतला जातो. भाडे काही अंशी वाढेलही. परंतु तो खर्च आजही होतच आहे. तो पावतीवर दिसत नाही, इतकेच. चालकाचे शरीर आणि त्याच्या डोळ्यांवर झापड आली त्या क्षणी रस्त्यावर असलेला अनोळखी माणूस तो भरून देत असतो. शिवाय गाडी रांगेत उभी राहण्यात जे तास जातात ते वाचले, तर चालकाला न जागविताही तीच गाडी अधिक माल वाहू शकेल.

युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमांनी दिवसाला सामान्यतः ९ तास गाडी चालविण्याची मर्यादा घातली व साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती आवश्यक केली. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. चालकाने केलेल्या नियमभंगाची जबाबदारी तेथे वाहतूक संस्थेवरही येते, आणि माल पाठविणाऱ्यानेही या मर्यादेत बसेल असेच वेळापत्रक ठरवावे लागते. आपल्याकडे सारी जबाबदारी सर्वांत खालच्या पायरीवरील माणसाच्या गळ्यात पडते.

हे आपल्याला अशक्य आहे काय? १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीस ई-वे बिल लागते. २०२१ पासून टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा आहे. माल कोठून, केव्हा निघाला आणि गाडीने कोणता नाका किती वाजता ओलांडला, हे सरकारला कळते. याच नोंदींवरून गाडी किती काळ अखंड धावली, याचा अंदाज बांधता येईल. ठराविक मुदतीपलीकडे गाडी खोळंबवून ठेवणाऱ्या गोदामाकडून त्याचे शुल्क वसूल करणेही अवघड नाही. कर बुडू नये म्हणून मालाच्या प्रवासाचा तास न् तास मोजणाऱ्या शासनाने तो माल वाहणाऱ्या माणसाचे तासही मोजावेत, ही अपेक्षा अवाजवी नाही.