जामखेड, पाचवीची पूजा आणि धनुर्वाताची सुई

२०२४ साली अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आणि जामखेड तालुक्यातील चौंडी, म्हणजे अहिल्यादेवींचे जन्मगाव, पुन्हा सर्वांच्या तोंडी आले. याच तालुक्याला आणखी एक इतिहास आहे. तो बाळंतिणीच्या खोलीत घडला, म्हणून असेल, पण त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. हा धागा त्या इतिहासाविषयी.

सुरुवात पाचवीपासून करावी लागते. बाळ जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी सटवाईची पूजा होते. पूजेत कोरा कागद व लेखणी असते, अनेक घरांत विळाही असतो. त्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी भविष्य लिहिते अशी समजूत. नेमके हेच दिवस का? नवजात बाळाच्या धनुर्वाताची लक्षणे बहुधा तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांत दिसू लागतात. पहिले दोन दिवस चांगले दूध ओढणाऱ्या बाळाचा जबडा आवळतो, अंग धनुष्यासारखे ताठते आणि थोड्याच दिवसांत सारे संपते. पिढ्यान्‌पिढ्या हे पाहणाऱ्या समाजाने त्याच दिवसांवर देवीचा पहारा बसवला असावा. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण पाचवीला नुसती अंधश्रद्धा म्हणून हसणाऱ्यांनी तो एकदा करून पाहावा.

धनुर्वाताचे जंतू माती आणि शेणात बीजाणूंच्या रूपाने वर्षानुवर्षे टिकतात. नाळ विळ्याने कापली, वर राख किंवा शेण लावले, की त्यांना वाट मिळते. किटासातो यांनी १८८९ साली हा जंतू वेगळा केला; लस १९२० च्या दशकात तयार झाली. तरी नवजात बाळाचा प्रश्न सुटला नव्हता, कारण जन्मानंतर टोचून प्रतिकारशक्ती येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. उत्तर आईकडे होते. गरोदरपणी आईला टोचले की तिची प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत पोहोचतात. न्यू गिनीतील ज्या अभ्यासाने हे ठोसपणे दाखवले, तो १९६१ साली प्रसिद्ध झाला.

विज्ञानाची बाजू येथे संपते. यापुढचा प्रश्न असा की धडधाकट बाईने, जिला काहीही झालेले नाही, पोटातल्या जिवासाठी सुई का टोचून घ्यावी?

या प्रश्नाकडे अडाणीपणा म्हणून पाहण्याची सवय सुशिक्षितांना जडली आहे. इतिहास वेगळे सांगतो. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल येथे हाफकिन यांची, मुंबईत तयार झालेली, प्लेगची लस टोचल्यावर १९ माणसे मेली, आणि मेली ती धनुर्वातानेच. आणीबाणीत, १९७६ साली, महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. ते कायदा झाले नाही, पण धास्ती बसायची ती बसली. सरकारी सुईमुळे मूल होणे बंद होईल, ही भीती अशा अनुभवांतून आली होती. तिला उत्तर द्यायला भित्तिपत्रक पुरेसे नव्हते.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघेही वेल्लोरला शिकलेले; रजनीकांत तर याच जिल्ह्यातील राहुरीचे. त्यांनी प्रथम गावोगावी प्रशिक्षित नर्सबाई पाठवल्या. तो प्रयोग फसला. शहरी वळणाची, परगावची बाई गावाला आपली वाटेना. मग गावांनीच आपल्यातील बाई निवडावी असे ठरले. निवडलेल्या बायका बहुतेक निरक्षर, कित्येक दलित. त्या जामखेडला येऊन शिकत आणि शिकलेले गावात नेत: गरोदर बाईने काय खावे, सुई कधी घ्यावी, बाळंतपणाला हात साबणाने कसे धुवावेत, नाळ कापायला निर्जंतुक पाते का हवे. सांगणारी स्वतः त्याच गावात बाळंत झालेली असे. तिच्या शब्दाला वजन होते ते त्यामुळे.

प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे आरंभी हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. शतक संपताना हा आकडा तिसाच्या आत आला. श्रेय एकट्या लसीचे नाही. पोषण, पाणी, हगवणीवरचा उपचार हे सारे त्यात आहे. मात्र लस आईपर्यंत पोहोचली ती या बायकांच्या पायांनी. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने ‘हेल्थ बाय द पीपल’ या ग्रंथात जामखेडची दखल घेतली, १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

२००५ नंतर देशभर ‘आशा’ आल्या. जामखेडच्या बाईचे काम शासनाने उचलले, तिचा मान मात्र मागेच राहिला. मानधनासाठी संपावर जावे लागणाऱ्या आशाताईला ‘स्वयंसेविका’ म्हणणे ही सोयीची भाषा आहे.

२०१५ साली भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. येथे ‘निर्मूलन’ या शब्दाने फसू नये. प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण, एवढाच त्याचा अर्थ. देवीचा रोग गेला तसा हा जाणार नाही. बीजाणू मातीतच आहेत. शेजारणीने लस घेतली म्हणून येथे दुसरीचे बाळ वाचत नाही.

गर्भधारणेपूर्वीची गोष्टही याच विश्वासावर चालते. रुबेलाची लस गरोदरपणात देत नाहीत, ती आधीच हवी. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रातील शाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम झाली तेव्हाही अफवा उठल्या होत्या. तेव्हाच्या शाळकरी मुलींपैकी अनेक आज आई होण्याच्या वयात आहेत.

आणि जिल्ह्यातील ऊसतोड. पाथर्डी, जामखेडकडची जोडपी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. गरोदर बाईला गावात टीडीचा पहिला डोस मिळतो. दुसरा चार आठवड्यांनी. तोवर तिची कोपी परजिल्ह्यातल्या एखाद्या कारखान्याच्या फडाजवळ पडलेली असते, आणि तिला नावाने ओळखणारी आशाताई गावीच राहिलेली असते.