पायांनी पाहिलेले पुणे, हंडीत शिजलेले पुणे

आम्ही राहतो ते कर्वेनगर पूर्वी हिंगणे बुद्रुक नावाचे खेडे होते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवा मुलींसाठी आश्रम सुरू केला आणि १९०० मध्ये तो या माळरानावरच्या एका झोपडीत आणला. दिवसा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे आणि संध्याकाळी पायी हिंगण्याला यायचे, असा त्यांचा क्रम होता. पावसाळ्यात रस्ता म्हणजे नुसता चिखल. पुढे १९१६ मध्ये स्त्रियांचे विद्यापीठ इथेच सुरू झाले. आज याच रस्त्यावर आपण दहा मिनिटांच्या अंतरासाठी रिक्षा शोधतो. शहर ओळखायचे तर पायांनीच ओळखता येते, ही गोष्ट आमच्या वस्तीला नाव देणाऱ्या माणसाकडूनच शिकण्यासारखी आहे.

यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना कुठे न्यावे, हा प्रश्न घरोघरी पडला असेल. आमच्या घरी वेगळाच प्रश्न आला. धाकटीला कोणीतरी कौतुकाने म्हणाले, “तू मुसलमान असून मराठी किती छान बोलतेस!” बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते. पण घरी येऊन तिने विचारले, “अम्मी, आपण पुण्याचे नाही का?” अशा प्रश्नाला भाषणाने उत्तर देता येत नाही. वादाने तर नाहीच. म्हणून आम्ही ठरवले, एक अख्खा रविवार जुन्या पुण्यात पायी फिरायचे, तिथूनच सामान घ्यायचे आणि घरी येऊन रांधायचे.

ही कल्पना आमची नवी नाही. मेक्सिको देशात प्वेब्ला नावाचे जुने शहर आहे. ते १५३१ मध्ये वसले आणि १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. अशा शहरांत पाहुणे सकाळी पायी बाजार फिरतात, मिरच्या आणि मका विकत घेतात आणि दुपारी तिथल्या बायकांच्या हाताखाली पाट्यावर मसाला वाटायला शिकतात. त्यांचा पाटाही दगडाचा आणि तवाही आपल्यासारखाच. मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला युनेस्कोने २०१० मध्ये मानवजातीचा वारसा म्हणून मान दिला. प्वेब्लाच्या घरांवर ज्या निळ्या-पांढऱ्या फरशा दिसतात, त्यांची कला मुस्लिम अंदलुसमधून स्पेनमध्ये रुजली आणि तिथून समुद्रापार गेली. गेल्या शतकात अरब देशांतून तिथे गेलेल्या कुटुंबांनी उभ्या सळईवर मांस भाजण्याची शावर्म्याची रीत नेली. त्या पदार्थाला आजही ‘अरबी टाको’ म्हणतात. आता त्यात डुकराचे मांस घालतात, त्यामुळे तो आपल्या दस्तरखानावर येणार नाही. पण एखाद्या शहरात कोण कोण येऊन राहिले, हे स्वयंपाकघर विसरत नाही, एवढे त्यातून कळते.

कसब्यातून सुरुवात

आम्ही नळस्टॉपहून मेट्रोने महानगरपालिका स्थानकावर उतरलो आणि नवा पूल ओलांडून शनिवारवाड्यासमोर आलो. वाडा बाजीराव पेशव्यांनी बांधला. त्याची वास्तुशांत १७३२ ची. त्याच्या एका दरवाजाला मस्तानी दरवाजा म्हणतात. मस्तानीबाईंचा मुलगा समशेर बहादूर १७६१ मध्ये पानिपतात मराठ्यांच्या बाजूने लढला आणि त्या जखमांनी गेला. मोठ्याला पानिपत धड्यात आहे, पण हे नाव त्याला नवीन होते. दरवाजापाशी उभे राहून ऐकलेला धडा त्याच्या लक्षात राहील.

तिथून कसबा पेठ. आम्ही उर्दू शिकवणारी माणसे, त्यामुळे शब्दांपाशी थांबतोच. ‘कसबा’ हा अरबी शब्द, अर्थ छोटे शहर. ‘हौद’ म्हणजे उर्दूतला हौज. ‘बाजार’ फारसी. आणि ‘पेठ’ दक्षिणेकडच्या भाषांतला. पेठांना वारांची नावे नंतर मिळाली. बुधवार पेठेचे जुने नाव मोहियाबाद, शनिवारचे मुर्तजाबाद, रविवारचे मलकापूर. याच कसब्यात जिजाऊसाहेबांच्या काळापासून मान असलेला कसबा गणपती आहे आणि मुठेच्या काठाला शेख सल्ला बाबांचे दर्गे आहेत. दोन्हीकडे जाणारी माणसे एकाच गल्लीतून फुले घेतात.

तांबट आळीचा आवाज

कसब्यातली तांबट आळी आधी ऐकू येते, मग दिसते. ठक ठक ठक असा तांब्यावर पडणारा हातोड्यांचा ठेका. पेशवाईच्या काळापासून इथे तांबट कारागिरांची घरे आहेत. खाली कारखाना, वर संसार. पत्रा ठोकून भांड्याचा आकार आला की त्यावर एकसारखे ठोके देतात. त्याला मठारकाम म्हणतात. हे ठोके नुसत्या शोभेसाठी नसतात. त्यांनी धातू घट्ट होतो आणि भांडे टिकते. पूर्वी इथून बंब, हंडे, घंगाळी घरोघरी जात. बंब गेले, गिझर आले. आता पाण्याच्या बाटल्या आणि दिवेही बनतात.

आमच्याबरोबर एक पातेले होते. नानींचे, तांब्याचे, सहा-सात शेर सालन मावेल एवढे. कल्हई उडालेली, आतून लाल पडलेले. ते दोन वर्षे माळ्यावर होते आणि मोडीत द्यायचे असे जवळजवळ ठरले होते. मोडीचा भाव वजनावर मिळतो. त्या भांड्यातून किती वलीमे, किती बारसे-अकीके आणि किती इफ्तार पार पडले, त्याचा भाव मोडवाल्याच्या काट्यावर येत नाही.

कल्हई कशी होते, हे मुलांनी पहिल्यांदाच पाहिले. कोळशाच्या भट्टीला भात्याने वारा द्यायचा, घासलेले भांडे तापवायचे, त्यात नवसागराची पूड टाकायची. पांढरा धूर उठतो. मग कथलाची कांडी टेकवायची. ती लोण्यासारखी वितळते. कापसाच्या बोळ्याने ती सगळीकडे फिरवली की क्षणात लाल भांडे चांदीसारखे होते. लगेच गार पाण्यात बुडवायचे. धाकटी म्हणाली, “जादू आहे.” जादू नाही, रसायन आहे. तांब्याला आंबट लागले की विषारी क्षार तयार होतात. कथलाचा थर त्यांना अडवतो.

ज्या घरात अशी भांडी आहेत त्यांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कथील २३२ अंशांना वितळते, म्हणून भांडे रिकामे तापवू नये. तारेच्या घासणीने घासू नये आणि ढवळायला लाकडी डाव घ्यावा. आतून लाल दिसू लागले की आंबट पदार्थ बंद करून आधी कल्हई करून घ्यावी. एके काळी कल्हईवाला हाक देत दारात यायचा. या कामात आपल्या समाजातील कितीतरी घरे होती. आता त्याच्याकडे आपल्याला जावे लागते. आपण गेलो नाही, तर तोही भट्टी बंद करेल.

बोहरी आळी ते मंडई

फडके हौदावरून पुढे रविवार पेठेत बोहरी आळी लागते. भांडी, दोऱ्या, खिळे, रंग, चाळण्या, काय हवे ते. बोहरा व्यापाऱ्यांच्या नावाची ही आळी पुण्यातल्या सगळ्या जातीधर्मांचे संसार मांडून देत आली आहे. लाकडी डाव आम्ही इथेच घेतला.

पुढे महात्मा फुले मंडई. आठ बाजूंची ही दगडी इमारत १८८६ मध्ये खुली झाली, तेव्हा तिला रे मार्केट म्हणत. गंमत अशी की जोतीराव फुले नगरपालिकेत सभासद असताना त्यांनी या इमारतीच्या खर्चाला विरोध केला होता. एवढा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर लावा, असे त्यांचे म्हणणे. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने मंडईला त्यांचेच नाव दिले गेले. आम्ही शिक्षक असल्याने ही गोष्ट मुलांना दोनदा सांगितली.

मंडईत आम्ही एक खेळ केला. पिशवीतली प्रत्येक वस्तू मूळची कुठली, ते मुलांनी ओळखायचे. मिरची आणि टोमॅटो मेक्सिकोच्या बाजूचे; मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्याला उतरली. पेरू आणि सीताफळही अमेरिका खंडातले. दुधी आफ्रिकेचा. चिंचही मूळची आफ्रिकेची, पण अरबांनी ती हिंदुस्थानातून नेली आणि नाव ठेवले ‘तमर-ए-हिंदी’, हिंदचा खजूर; त्यावरूनच इंग्रजांनी टॅमरिंड केले. हरभरा पश्चिम आशियातला. तूर मात्र अस्सल इथलीच. मोठा हिशेब करून म्हणाला, “म्हणजे आपल्या पिशवीत पुण्याचे काहीच नाही?” धाकटी म्हणाली, “सगळेच पुण्याचे आहे. इथे येऊन राहिले ना!” आम्ही काही बोललो नाही. तिला तिचे उत्तर मिळत होते.

गंज पेठ

मंडईच्या पुढे गंज पेठेत फुले वाडा आहे आणि जवळच मोमिनपुरा. मोमिन म्हणजे विणकरांची जमात. रमजानच्या संध्याकाळी इथल्या खाण्याच्या गल्ल्या सगळ्या पुण्याला ठाऊक आहेत. पण त्या एका महिन्यापलीकडेही इथे शाळा आहेत, दवाखाने आहेत, रोजचे कष्ट आहेत. वडिलांचे घर सोडावे लागल्यावर जोतीराव आणि सावित्रीबाईंना उस्मान शेख यांनी आपल्या घरी आसरा दिला, ही आठवण याच भागातली. सावित्रीबाईंनी १८५६ मध्ये नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचे नाव येते; आपण नसताना तिला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा त्याचा आशय आहे. शाळेचे ओझे वाहणाऱ्या शिक्षिकेबद्दल याहून मोठे प्रशस्तिपत्र आम्हाला माहीत नाही. १८४८ ची मुलींची शाळा जिथे भरली तो भिडे वाडा बुधवार पेठेत होता. २०२३ च्या डिसेंबरात तो स्मारकासाठी उतरवला गेला. मुलांना रिकामी जागासुद्धा दाखवावी. काय होते ते विचारतात.

मटण मोमिनपुऱ्यातून घेतले आणि मंडई स्थानकावरून मेट्रोने परत निघालो. सगळी पायपीट, गल्ल्यांची वळणे धरून, काही किलोमीटरची. आजीआजोबांनाही झेपेल.

घरी आल्यावर दालचा

त्या पिशवीतून दालचा करायचा, हे आधीच ठरले होते. दख्खनच्या मुस्लिम घरांतला हा जुना पदार्थ. डाळ इथली, रीत सगळ्यांची. सहा माणसांसाठी प्रमाण असे: अर्धा किलो हाडांसकट मटण, एक वाटी चणाडाळ, अर्धी वाटी तूरडाळ, अर्धा किलो कोवळा दुधी, दोन कांदे, दोन टोमॅटो, लहान लिंबाएवढी चिंच.

डाळी तासभर भिजवून हळद घालून मऊ शिजवाव्यात. चणाडाळीचे थोडे दाणे अख्खे राहू द्यावेत. पातेल्यात तेलावर कांदा गुलाबी करून दोन चमचे आले-लसूण, मग मटण घालून परतावे. लाल तिखट, धनेपूड, मीठ आणि चिरलेला टोमॅटो घालावा. तेल सुटले की गरम पाणी घालून मटण मऊ होऊ द्यावे. मग दुधीच्या मोठ्या फोडी, आणि त्या शिजत आल्या की डाळ. चिंचेचा कोळ सगळ्यात शेवटी. आंबट आधी पडले तर डाळ शिजायला हट्ट करते. दहा मिनिटे मंद आचेवर ठेवून वरून जिरे, सुक्या मिरच्या, कढीपत्ता आणि ठेचलेल्या लसणाची बगार द्यावी. कोथिंबीर-पुदिना भरपूर. मटण नको असेल तर दुधी आणि वांगी घालून करा. शेजारी शाकाहारी असतील तर तसाच करा.

बरोबर बगारा खाना: तुपातेलात शहाजिरे, लवंग, दालचिनी, वेलदोडा, तमालपत्र, तळलेला कांदा, हिरवी मिरची आणि पुदिना, त्यात भिजवलेला तांदूळ दुप्पट पाण्यात शिजवायचा. मुलांनी दुधी चिरला, चिंच कोळली, पुदिना निवडला. ज्याने चिरले त्याने ताटात टाकले नाही, हा जास्तीचा फायदा.

नानींच्या पातेल्यातून एक डबा आम्ही वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे पाठवला, अर्थात बिनमटणाचा, वेगळा केलेला. डबा रिकामा आला नाही. त्यात कटाची आमटी होती. धाकटीने दोन्ही चाखून पाहिले आणि म्हणाली, “बहिणी आहेत.” चणाडाळ, चिंच, फोडणी. खरेच, फार लांबचे नाते नाही.

वाचकहो, तुम्ही पुण्यात नसाल तर आपापले गाव घ्या. औरंगाबादेत नान-कलिया आहे, कोल्हापुरात तांबडा-पांढरा, कोकणात तांदळाचे पोळे आणि नारळाचे सालन, सोलापुरात शेंगाचटणी. एक सकाळ ठरवा, गाडी घरी ठेवा. मुलांच्या हातात वही द्या आणि तीन गोष्टी लिहायला सांगा: एका गल्लीच्या नावाचा अर्थ, एका कारागिराच्या हत्याराचे नाव आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाने सांगितलेली एक पाककृती, प्रमाणासकट. ‘अंदाजाने घाल’ असे त्या म्हणतील. तेव्हा त्यांची मूठ वाटीत रिकामी करून मोजा. ही मोजणी आज केली नाही तर उद्या विचारायला कोणी नसेल.

आणि माळ्यावर एखादे लाल पडलेले पातेले असेल, तर मोडीत देण्याआधी एकदा कल्हईवाल्याला दाखवा.