दंडावरचा वण म्हणजे दाखला नव्हे



ऊस, उतारा आणि पहिली उचल हे आपल्या पत्रिकेचे नेहमीचे विषय. आज थोडा वेगळा विषय काढतो आहे, पण तो आपल्या शिवारापासून लांबचा नाही. आपल्यापैकी किती घरांतला एक तरी पोरगा मुंबईच्या उपनगरात आहे, ते मनाशी मोजा. कुणी घाटकोपरला, कुणी मुलुंड-भांडुपला, कुणी बोरिवलीला. एक खोली, सहा-सात जण, पाळीप्रमाणे झोपणारे. माझा पुतण्याही असाच अंधेरीला साकीनाक्याजवळ राहत होता.

गेल्या वर्षी सुट्टीला आला तो खोकतच. विचारलं तर म्हणाला, “काका, धुळीचा खोकला आहे. महिनाभर औषध चालू आहे.” थुंकी तपासली का म्हटलं, तर त्याने बाही वर करून दंडावरचा वण दाखवला. “लहानपणीच टोचलंय की! मला टीबी कसा होईल?” वहिनींनीही मान डोलावली आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. पुढे वजन उतरलं, संध्याकाळचा ताप येऊ लागला, तेव्हा कुठे तपासणी झाली. क्षय निघाला. सहा महिने नेमाने गोळ्या घेऊन आज तो ठणठणीत आहे. पण मधल्या काळात तो त्या खोलीतल्या सोबत्यांबरोबर आणि आमच्या घरातल्या दोन लहान पोरांबरोबर राहिला, त्याचा हिशेब कुणी द्यायचा? चूक त्याची एकट्याची नव्हती, आम्हा सगळ्यांच्या समजुतीची होती.

म्हणून ही लस काय करते आणि काय करत नाही, ते नीट समजून घेतलं पाहिजे. बी.सी.जी. ही लस काल्मेट आणि गेरँ या दोन फ्रेंच संशोधकांनी तयार केली. गाईगुरांना होणाऱ्या क्षयाचा जंतू त्यांनी 13 वर्षांत 230 वेळा नव्याने वाढवून दुबळा केला. 1921 साली ती पहिल्यांदा एका बाळाला दिली गेली. आपल्या देशात 1948 पासून ती टोचली जाते.

आपण लागणीआधी बेणेप्रक्रिया करतो. तिने कोवळा कोंब वाचतो. पण बेणं प्रक्रियेचं होतं म्हणून पुढे वर्षभर उसाला काहीच होणार नाही, असं कुणी शेतकरी म्हणेल का? खोडकिडा यायचा तो येतोच. बी.सी.जी.चं असंच आहे. लहान मुलाच्या मेंदूच्या आवरणाला होणारा क्षय आणि अंगभर पसरणारा क्षय, या दोन जीवघेण्या प्रकारांपासून ती बाळाला चांगलं संरक्षण देते. मोठेपणी फुफ्फुसाला होणाऱ्या क्षयाचा मात्र तिच्यावर भरवसा नाही. तामिळनाडूत चेंगलपट्टू जिल्ह्यात 1968 पासून अडीच लाखांहून अधिक लोकांवर मोठी चाचणी झाली. त्यात मोठ्या माणसांच्या फुफ्फुसाच्या क्षयाला लशीने आळा बसलेला दिसला नाही. विलायतेत शाळकरी मुलांवर हीच लस चांगली लागू पडली होती. मोठ्यांना पुन्हा बी.सी.जी. देऊन काही उपयोग होतो का, याचा अभ्यास 2024 मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत हाती घेतला गेला. तो होईल तेव्हा होईल. तोवर वणावर विसंबून बसणं बरं नव्हे.

आणि उपनगरात धोका कसा वाढतो पाहा. मुंबईत अलीकडच्या वर्षांत दरसाल पन्नास हजारांहून जास्त क्षयरोगी नोंदले जातात. गोवंडी-मानखुर्दच्या नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंड या वसाहतींचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. इमारती एकमेकींना इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर ना ऊन ना वारा, आणि क्षयाचे रोगी तिथेच जास्त. दाट लागणीत कीड का वाढते, ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

कुणी म्हणेल, मग लस द्यायचीच कशाला? हे त्याहून मोठं चुकीचं आहे. कोंब वाचला नाही तर ऊस कुठला? बाळाला जन्मताच, निदान वर्षाच्या आत, लस मिळालीच पाहिजे. टोचल्यावर काही आठवड्यांनी तिथे फोड येतो, फुटतो, मग वण राहतो. त्यावर हळद-चुना लावू नये. तो आपोआप बरा होतो. एका बाटलीत अनेक बाळांचे डोस असतात आणि पातळ केल्यावर ती चार तासांत संपवावी लागते. म्हणून काही ठिकाणी ठरलेल्या वारीच टोचतात आणि तो वार चुकला की बाळ राहून जातं. सून घाटकोपरला बाळंत झाली, कार्ड तिथेच राहिलं, बाळ गावी आलं. अशी बाळंही सुटतात.

सगळ्यात जास्त सुटतात ती आपल्या ऊसतोड मजुरांची. ज्यांच्या कोयत्यावर आपला ऊस गाळपाला जातो, त्यांची लेकरं कोपीत जन्मतात आणि पट्टा पडला की निघून जातात. माझी संचालक मंडळाला विनंती आहे : यंदा टोळ्यांची यादी करताना वर्षाच्या आतली बाळं नोंदवा. ती यादी प्राथमिक आरोग्य केंद्राला द्या आणि नर्सबाईंना तळावर न्यायला गटाची जीप द्या. कुणी म्हणतील, कारखाना साखर करायला आहे, दवाखाना चालवायला नाही. मान्य. पण लस सरकारची, फुकट. आपला खर्च फक्त कागदाचा आणि डिझेलचा.

आणि सभासदांनो, एक काम आपलं. आज रात्री मुंबईच्या पोराला फोन लावा. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल, तर वण दाखवू नको, थुंकी तपासून घे, असं सांगा. तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे. रोग निघाला तर घरातल्या सगळ्यांना, लहानग्यांना आधी, तपासायला न्या. लाजून लपवू नका. काणीचा फोकारा दिसला की आपण शेजाऱ्याच्या रानाचाही विचार करतो. उसाचं बेट उपटावं लागतं. माणूस सहा महिन्यांत बरा होतो. एवढं तरी आपण करू या.

— आपला एक सभासद