भिंतीला भोक न पाडता

दिवाळीच्या तोंडावर घरोघरी जी कामे निघतात, त्यांत पडद्यांचे काम मला सर्वांत अवघड वाटते. रंगाचे बरे असते. तो एकदा भिंतीला लागला की चार दिवसांत डोळ्यांना सवय होऊन जाते. चकली बिघडली तर पाहुण्यांना आग्रह अंमळ कमी करता येतो. पडदा मात्र सकाळ-संध्याकाळ हाताखालून जातो आणि निवड चुकली असेल तर दिवसातून दोन वेळा तिची आठवण करून देतो. त्यातून तो टांगायचा म्हणजे भिंतीत भोके पाडणे आले. आणि भिंत आपली नसली, किंवा फारच आपली असली, म्हणजे मोठी पंचाईत होते.

या दोन्ही पंचाइती माझ्या वाट्याला आल्या आहेत. परभणीत आम्ही भाड्याने राहत होतो, तेव्हा पडद्याच्या दोन दांड्यांसाठी मी आठ भोके पाडली. घर सोडताना मालकांनी ती बोट लावून मोजली आणि अनामत रकमेतून रंगासकट कापून घेतली. वास्तविक ती भोके त्यांच्या पुढच्या भाडेकरूच्याच उपयोगी पडली असणार. पण ते असो. ती गोष्ट पैशांवर मिटली. दुसरी भिंत राणीसावरगावच्या आमच्या जुन्या घराची, आणि तिथला व्यवहार पैशांत मिटणारा नव्हता.

गंगाखेड तालुक्यातले आमचे हे गाव रेणुकादेवीचे म्हणून लोकांना ठाऊक आहे. घर जुन्या पद्धतीचे, माळवदाचे. दोन हात जाडीची भिंत, आतून-बाहेरून दगड आणि मध्ये माती. अशा घरात ऐन वैशाखातही पाय पसरून झोपावे. तिथे आई एकटी राहते. गेल्या माघात तिच्या डोळ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. दृष्टी छान आली. इतकी छान की माझ्या डोक्यावरचे पांढरे केस तिने त्याच दिवशी मोजायला घेतले. पण प्रकाशाची तिरीप तिला सोसेना. बाहेर जायला काळा चष्मा होता. घरात चष्मा लावून बसायला ती तयार नव्हती. आणि तिची बसायची जागा म्हणजे पश्चिमेच्या खिडकीपासून दोन हातांवर टाकलेली खाट. तिथून गल्ली दिसते, देवीला जाणारी-येणारी माणसे दिसतात. चार वाजले की त्याच खिडकीतून ऊन थेट तोंडावर येई आणि ती गल्लीकडे पाठ करून बसे. दिवसभर वाट पाहावी आणि माणसे दिसायच्या वेळेला पाठ फिरवावी, हे काही खरे नाही.

मी म्हटले, "पडदा लावू. वायरमनला बोलावतो."

"भिंतीला हात लावायचा नाही बरं," आई म्हणाली. "पडदा नको अन् काही नको."

हा हट्ट म्हातारपणाचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी शाळेत होतो. आदल्या दिवशी गणपती बोळवून सारा मराठवाडा झोपला होता. लातूर-उस्मानाबादकडच्या गावांत दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरची माळवदाची ओझी माणसांच्या अंगावर आली. हजारो माणसे झोपेतच गेली. आमच्याकडे फडताळातली भांडी खणखणली आणि त्या पश्चिमेच्या खिडकीच्या वर वीतभर चीर गेली, एवढेच. वडिलांनी ती चीर बुजवली. पुढे कितीतरी दिवस आम्ही अंगणात झोपत होतो. तेव्हापासून त्या भिंतीत खिळा म्हणून ठोकलेला नाही. कॅलेंडरसुद्धा खुंटीला अडकवलेले असते. २०२४ साली मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैत हिंगोलीकडे जमीन हलली आणि परभणीपर्यंत जाणवली, तेव्हा आईने मला फोनवर पहिली बातमी दिली ती त्या चिरेची: "आहे तशीच आहे."

एका खिळ्याने घर पडत नाही, हे मलाही कळते. पण यंत्राने भोक पाडताना जी थरथर होते तिने अशा भिंतीचा गिलावा पोपड्यांनी सुटतो, आतला दगड ढिला होतो, आणि इतके करून खिळ्याला धरायला तिथे मातीच असते. जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होते. म्हणून खुंट्या, कोनाडे, पाळण्याच्या कड्या हे सारे घर बांधतानाच घालून ठेवलेले असे. नंतर भिंतीला कोणी काही विचारायला जात नसे. ऊन आले तर दाराच्या खुंट्यांना बांबूच्या काड्यांची चिक बांधायची, उन्हाळा फारच झाला तर वाळ्याचा पडदा सोडून त्यावर पाणी मारायचे. भोके न पाडता पडदा लावण्याची ही विद्या आज दुकानदार नवी म्हणून सांगतात, तेव्हा मला गंमत वाटते.

तरीही त्यांच्याकडे नवे काहीतरी होते. घड्याघड्यांचा, पेटीच्या भात्यासारखा मिटणारा पडदा. इंग्रजीत त्याला 'प्लीटेड ब्लाइंड' म्हणतात. आंधळा या अर्थाचा शब्द इंग्रजांनी खिडकीच्या पडद्याला का द्यावा, कोण जाणे. आमच्या पूर्वजांनी खिडकीला 'गवाक्ष' म्हणजे बैलाचा डोळा म्हटले, ते मला अधिक आवडते. आईने नमुना हातात घेतला आणि तिसरेच नाव दिले: "हा तर निऱ्यांचा पडदा की."

भोके न पाडता हा पडदा बसवण्याचे तीन प्रकार आहेत, आणि मी मास्तर असल्यामुळे ते चुका करून शिकलो.

पहिला प्रकार चिकटपट्टीचा. पट्टीवरचा कागद सोलायचा, चौकटीला दाबायचा, झाले. तो मी मोठ्या हौसेने आणला. चौकटीवर वडिलांनी वर्षानुवर्षे दिलेले तेलरंगाचे थर होते, त्यांवर धूळ, आणि वर वैशाखातले ऊन. दुसऱ्या दिवशी दुपारी पडदा खाटेवर आला आणि येताना तेलरंगाची एक पट्टी घेऊन आला. चिकटपट्टी काच, गुळगुळीत ॲल्युमिनियम किंवा स्वच्छ पुसलेले प्लॅस्टिक यांना धरते. चुन्याला आणि सुटत चाललेल्या रंगाला धरत नाही. ज्यांच्या खिडकीवर रोज तासन्‌तास ऊन असते त्यांनी तिच्यावर जड पडदा सोपवूच नये. काढतानाही ती ओरबाडून काढू नये. केस वाळवायच्या यंत्राने गरम केली की सावकाश सुटते.

दुसरा प्रकार चिमट्याचा. खिडकीच्या दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेला चिमटे अडकतात आणि पडदा दाराबरोबरच उघडतो-मिटतो. ही युक्ती युरोपातली. तिथे खिडक्या आत उघडतात आणि त्यांना गज नसतात. आपल्याकडची दारे बहुधा बाहेर उघडतात आणि आतून गज असतात. चिमटा लावला तरी त्याच्यापर्यंत हात जायचा कसा? शहरातल्या नव्या घरांतल्या सरकत्या खिडक्यांनाही हा प्रकार लागू पडत नाही. एक दार दुसऱ्याच्या अंगाला घासून सरकते. मध्ये चिमट्याला जागा कुठली! म्हणून पडद्याचा रंग पाहण्यापूर्वी आपली खिडकी कशी उघडते ते पाहावे. आमच्या घरी सौ.नी हे पहिल्याच दिवशी विचारले होते. मी तेव्हा रंग पाहत होतो.

तिसरा प्रकार दाबाचा. चौकटीच्या आत वर एक आणि खाली एक अशा दोन दांड्या, त्यांच्या टोकांना रबरी पाय आणि पोटात स्प्रिंग. दोन्ही बाजूंच्या लाकडावर त्या रेटून उभ्या राहतात. दोन दांड्यांमध्ये बारीक दोऱ्या ताणलेल्या, आणि त्यांवर पडदा. भिंतीशी या प्रकाराचे काही देणे-घेणे नाही. भार सगळा चौकटीवर. आमची चौकट सागाची आहे आणि गजांच्या आतल्या बाजूला तिचे दोन इंच लाकूड मोकळे आहे. तेवढे पुरले.

मात्र माप घेणे हे खरे काम. जुनी चौकट काटकोनात असते असे समजणारा माणूस पुस्तकी. मी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी रुंदी मोजली, तर वरच्या आणि खालच्या मापांत एक सेंटिमीटरहून अधिक फरक निघाला. अशा वेळी कापडासाठी सर्वांत लहान माप धरायचे आणि त्यातूनही दोन-चार मिलिमीटर सोडायचे, नाहीतर पडदा कडेला घासतो आणि निऱ्या फाटतात. दोन्ही कर्णही मोजावेत. त्यांत फार तफावत असेल तर खिडकी तिरपी आहे असे समजावे, आणि सुताराला बोलवावे, पडदेवाल्याला नव्हे.

आता उन्हाविषयी थोडे, कारण दुकानात ते कोणी सांगत नाही. आपल्या भागात मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. त्यामुळे उन्हाळ्यात दक्षिणेची खिडकी फारसा त्रास देत नाही. साधा सज्जा तिला पुरतो. त्रास देते ती पश्चिमेची, कारण दुपारनंतर ऊन तिरपे होऊन सज्ज्याच्या खालून आत शिरते. हिवाळ्यात उलट दक्षिणेचे ऊन खोलीत लांबवर येते आणि हवेसेही वाटते. तेव्हा सर्व खिडक्यांना एकाच ठाणातले पडदे शिवण्याची आपली जी पद्धत आहे ती दिसायला नीटस असली तरी सूर्याला मान्य नाही.

दुसरे असे, की आतून लावलेला पडदा तिरीप अडवतो, उष्मा तितका अडवत नाही. ऊन काचेतून आत आले की ते खोलीचेच झाले. कापडाची काचेकडची बाजू पांढरी किंवा चकचकीत असेल तर त्यातले काही परत जाते, इतकेच. ज्यांचा फ्लॅट वरच्या मजल्यावर पश्चिमेला आहे त्यांनी गॅलरीच्या बाहेरच्या कडेला साधी चिक सोडावी. ऊन काचेपर्यंत पोहोचण्याआधीच थांबते. आमच्या घरात उष्म्याची तक्रार नव्हती, ती भिंत पाहून घेते. प्रश्न डोळ्यांचा होता.

आणि तिथे या निऱ्यांच्या पडद्याने मला जिंकले. साधा पडदा बाजूला सरतो, गुंडाळायचा पडदा वरून खाली येतो. हा मात्र वरूनही उतरतो आणि खालूनही चढतो. दोऱ्यांवर हवा तिथे थांबतो. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी खालचा अर्धा भाग झाकून वरचा उघडा ठेवावा, म्हणजे रस्त्यावरचे डोळे आत येत नाहीत आणि आभाळाचा उजेड येतो. आईला नेमके उलटे हवे होते. ऊन येते ते वरच्या अर्ध्या भागातून. गल्ली दिसते ती खालच्या. सहानंतर सूर्य समोरच्या घराच्या माळवदाआड जातो. म्हणजे दोन तास वरचा अर्धा भाग झाकला की काम झाले. कापड मी साखरी पांढरे घेतले. पूर्ण अंधार करणारे कापड दुकानदार पुढे करीत होता. पण दुपारी चार वाजता दिवा लावायची पाळी येऊ नये.

घरात लहान मूल असेल त्यांनी लोंबत्या दोरीचे पडदे घेऊच नयेत. अशा दोरीचा फास मुलांच्या गळ्याला बसून जगभर मुले दगावली आहेत, आणि अमेरिकेत २०१८ च्या अखेरीपासून तयार पडदे बिनदोरीचे किंवा दोरी हाताला न लागणारे असावेत असा दंडक घातला गेला. हा पडदा पट्टी धरून सरकवायचा असतो, दोरी नसतेच. दारांना हा प्रकार लावताना मात्र जपून. गॅलरीच्या दाराला घडीची जाळी आडवी सरकते ती छान दिसते. पण खाली तिची पट्टी असते, आणि म्हाताऱ्या माणसाचा पाय अडखळायला तेवढी पुरते. आईच्या घरी दाराला अजून चिकच आहे. स्वयंपाकघरात तर निऱ्या नकोतच. फोडणीचा धूर आणि धूळ प्रत्येक घडीत बसते, आणि बहुतेक कापडे धुतल्यावर घडी विसरतात. कोरड्या मऊ कुंचल्याने झटकणे एवढीच त्यांची निगा.

पडदा बसवला तो दिवस शनिवारचा. हातोडी नाही, धूळ नाही, भिंतीला स्पर्श नाही. आई शेजारी उभी राहून वर चिरेकडे पाहत होती. चार वाजता तिने वरची पट्टी आपल्या हाताने धरली, वर नेली, खालची थोडी उचलली, आणि खाटेवर बसून बाहेर पाहिले. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ती कोण चाललीय? सुतारांची थोरली ना? बारीक झालीय."

पावसाळ्यात एकदा खालची दांडी सरकली. लाकूड ओलाव्याने फुगते आणि मग आक्रसते, तेव्हा दाबाच्या दांड्या महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा आवळाव्या लागतात, हे मला कोणी सांगितले नव्हते. मी सुट्टी काढून निघणार, तोच आईचा फोन आला की तिनेच तळव्याने रेटून ती बसवली. मग थोडे थांबून तिने विचारले, या दसऱ्याला येशील तेव्हा असला एक देवघराच्या खिडकीला मिळेल का. तिथे सकाळचे ऊन समईवर येते आणि ज्योत दिसत नाही.

गेलो तेव्हा टेप खिशात होती. देवघराची चौकट वर सव्वीस इंच भरली, खाली पावणेसव्वीस.