फुलाचा खेळ आणि खेळाडूंचा लिलाव

कोणत्याही उत्सवाची किंमत तो सरल्यावर मागे काय उरते, यावरून करावी, असा जुन्या शहाण्या माणसांचा दंडक आहे. जत्रा पांगल्यावर गावाच्या पदरी विहीर पडली असेल तर ती जत्रा सत्कारणी लागली. नुसत्या पत्रावळी पडल्या असतील तर करमणूक झाली इतकेच. व्यावसायिक बॅडमिंटनचे जे आंतरराष्ट्रीय सोहळे आपल्या देशात 2013 पासून 2020 पर्यंत झाले, त्यांस हा दंडक कोणी लावून पाहिल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तो आज लावावा, असे आम्हांस वाटते.

याविषयी बोलण्याचा अधिकार पुणे प्रांतास इतरांहून अधिक आहे. गेल्याच्या मागल्या शतकात पुण्याच्या लष्करी छावणीतील इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत आणि त्यास ‘पूना’ असेच म्हणत. पुढे इंग्लंडातील एका उमरावाच्या वाड्यावरून त्यास बॅडमिंटन हे नाव पडले. नाव गेले, पण खेळ राहिला. सांगलीस जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी 1956 साली मलायातील सेलांगोर स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळविणारा पहिला भारतीय बॅडमिंटनपटू होण्याचा मान मिळविला. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांकरिता मुळशी तालुक्याच्या वेशीवर म्हाळुंगे-बालेवाडी येथे श्रीशिवछत्रपती क्रीडानगरी उभी राहिली, आणि याच नगरीत पुढे खेळाडूंच्या लिलावातून जन्मलेल्या संघांचे सामने रंगले.

‘लिलाव’ हा शब्द आम्ही रागाने योजलेला नाही. तो चालकांचाच शब्द आहे. 2013 साली इंडियन बॅडमिंटन लीग निघाली तेव्हा सहा शहरांचे सहा संघ बोलीवर भरले गेले. अश्विनी पोनप्पा आणि ज्वाला गुट्टा ही जोडी 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक आणि 2011 च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून आलेली. परंतु या लीगमध्ये स्त्रियांच्या दुहेरीचा सामनाच गाळण्यात आला, आणि या दोघींची मूळ किंमत पन्नास हजार डॉलरांवरून पंचवीस हजारांवर आणण्यात आली. अश्विनी त्याच पंचवीस हजारांत पुण्याच्या संघाकडे आली. दोघींनीही आपली नाराजी लपविली नाही. ज्या कलेत त्या देशात अग्रगण्य, ती कलाच बाजारातून उठवावयाची आणि मग मालास उठाव नाही म्हणून भाव पाडावयाचा, याला व्यापारात काय म्हणतात ते व्यापाऱ्यांनी सांगावे. खेळात याला अन्याय म्हणतात.

2016 पासून हीच लीग प्रीमियर बॅडमिंटन लीग या नव्या नावाने चालू झाली. तिच्यात एक विशेष नियम होता. प्रत्येक संघाने एक सामना हुकमाचा म्हणून जाहीर करावयाचा. जिंकला तर एकाऐवजी दोन गुण, हरला तर एक गुण वजा. पत्त्यांच्या डावात हुकुमास शोभा आहे. पण वर्षानुवर्षे घाम गाळून मिळविलेले कौशल्य हुकमाच्या पानासारखे मांडावे, हे ज्यांस सुचले त्यांची दृष्टी क्रीडांगणावर नसून प्रेक्षकाच्या उत्कंठेवर होती, हे उघड आहे.

यावर प्रतिपक्षाचे दोन आक्षेप येतील. पहिला असा की, खेळाडूंनी उपाशी राहावे काय? मुळीच नाही. हौशीपणाच्या सोवळ्यात मागल्या पिढीच्या खेळाडूंची जी आबाळ झाली, तिचे गोडवे आम्ही गाणार नाही. खेळाडूस वेतन मिळावे, बक्षीस मिळावे, म्हातारपणाची तरतूद व्हावी. आमचे भांडण पैशाशी नाही. पंधरवड्याच्या बोलीवर उभारलेल्या आणि बोली लावणाऱ्याचे मन फिरताच कोसळणाऱ्या पैशाशी आहे. प्रीमियर लीगचे शेवटचे पर्व 2020 च्या आरंभी झाले आणि त्यानंतर तो पडदा वर गेलेला नाही. त्या शेवटच्या पर्वात तर पुण्याच्या नावाच्या संघाचा एकही सामना पुण्यात झाला नाही. नाव आमच्या शहराचे, आणि दर्शनास जावयाचे हैदराबादेस!

दुसरा आक्षेप असा की, थोर खेळाडू पाहून मुलांस स्फूर्ती मिळते. मिळते खरी; पण स्फूर्तीस पाय ठेवावयास जागा लागते. बॅडमिंटनचे फूल सोळा पिसांचे, वजनाने जेमतेम पाच ग्रॅम. वाऱ्याची एक झुळूक त्याची वाट चुकविते. ताम्हिणीच्या घाटमाथ्यावरचा वारा आणि चार महिने कोसळणारा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांस सांगावयास नको की मुळशीच्या मुलास हा खेळ अंगणात शिकता येणार नाही. त्यास छप्पर हवे, लाकडी जमीन हवी, शिकविणारा हवा. हे नसताना त्यास दूरचित्रवाणीवर सामना दाखविणे म्हणजे भुकेल्यास पक्वान्नांची यादी वाचून दाखविणे होय.

आंतरराष्ट्रीय स्पर्धा वाईट, असे आमचे म्हणणे नाही. 2008 च्या अखेरीस याच क्रीडानगरीत जागतिक कनिष्ठ गटाची स्पर्धा झाली आणि सायना नेहवालने ती जिंकली. असे यश मिळविणारी ती पहिली भारतीय. त्या स्पर्धेत कोणी विकले गेले नव्हते. जिल्हा, राज्य, राष्ट्र अशा पायऱ्या चढून मुले तेथे पोहोचली होती. जिन्याची खालची पायरी जर पौडच्या शाळेत असेल, तर वरची पायरी कितीही उंच असो, तो जिना पौडचा आहे. लिलावाच्या माडीस खालून जिनाच नाही. तेथे पोहोचावयाचे ते कोणाच्या तरी थैलीतून.

मुळशीस दुसऱ्याच्या उजेडासाठी आपण अंधार सोसण्याचा अनुभव जुना आहे. टाटांच्या धरणातील वीज मुंबईस गेली आणि गावे पाण्याखाली गेली. 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे सत्याग्रहास उभे राहिले ते याच अन्यायाविरुद्ध. एका खेळाच्या लीगची तुलना त्या दुःखाशी करण्याचा अतिरेक आम्ही करीत नाही. परंतु दिवे आपल्या वेशीवर लागावेत आणि प्रकाश मात्र परगावी पडावा, ही रीत या तालुक्यास अपरिचित नाही, एवढे सांगणे प्राप्त आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. सार्वजनिक पैशाने बांधलेले क्रीडागृह उद्या पुन्हा कोणत्याही व्यावसायिक सोहळ्यास द्यावयाचे झाल्यास, उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा तालुक्यातील शाळांत छपराखालची मैदाने बांधण्यास आणि शिक्षक नेमण्यास द्यावा, अशी अट करारातच घालावी. आलेल्या खेळाडूंनी दोन दिवस गावच्या मुलांस शिकवावे. स्त्रियांचा कोणताही सामना गाळणाऱ्यास तर दारही उघडू नये. या अटी ज्यांस जड वाटतील त्यांनी आपले मांडव अन्यत्र घालावेत. मुळशीचे काही अडणार नाही. त्यांच्या येण्याने तरी आजवर काय सुटले होते?